कपाटांना कुलूप घालण्यापूर्वी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सोलापुरातील वाचनालये आणि महाविद्यालयीन ग्रंथालये यांचे संगणकीकरण झाल्याच्या बातम्या आपल्या दैनिकात अधूनमधून येतात. ग्रंथालयातच उभी हयात गेलेल्या माझ्यासारख्या माणसाला त्या वाचून समाधान वाटते. तालिकापत्रांचे, म्हणजे पुस्तकांच्या नोंदींच्या कार्डांचे खण उपसत बसण्यात फार मोठे पुण्य होते, असे मी कधीच मानले नाही. मात्र या सुधारणेच्या पाठोपाठ आणखी एक गोष्ट घडते आहे आणि तिची बातमी होत नाही. संगणक आला की पुस्तकांच्या दालनाला कुलूप लागते. वाचकाने बाहेरच्या पडद्यावर नाव शोधायचे, वर्गांक (पुस्तकाच्या पाठीवरचा विषयाचा आकडा) चिठ्ठीवर उतरवून खिडकीत द्यायचा आणि सेवकाने आतून नेमके तेवढेच पुस्तक आणून द्यायचे. एका महाविद्यालयात मध्यंतरी हेच झाले. तिथल्या मंडळींपाशी मी नापसंती व्यक्त केली, तेव्हा ‘हवे ते पुस्तक दोन मिनिटांत मिळते, मग आत जायचे कशाला?’ असा उलट प्रश्न आला. त्या प्रश्नाचे उत्तर द्यावे, म्हणून हा पत्रप्रपंच.

हवे ते पुस्तक चटकन मिळणे ही मोठीच सोय आहे. पण अभ्यासाला पुढे नेणारी माहिती पुष्कळदा अभ्यासकाने मागितलेली नसते, कारण ती कुठे लिहिलेली आहे हेच त्याला ठाऊक नसते. शोधायला गेलो एक आणि हाती लागले भलतेच, हा अनुभव नसलेला अभ्यासक मला तरी भेटलेला नाही. आपण त्याला योगायोग म्हणतो आणि कावळा बसायला नि फांदी मोडायला एकच गाठ पडली, अशा थाटात तो विषय सोडून देतो. परंतु ग्रंथालयात घडणारे बहुतेक योगायोग कोणीतरी आधी मांडून ठेवलेले असतात. या पुस्तकाच्या शेजारी कोणते पुस्तक उभे राहावे, याचा विचार करून एखाद्या वर्गीकरणकाराने त्याच्या पाठीवर आकडा घातलेला असतो आणि त्या मांडणीतून वाचकाला फिरू दिले, तरच तिचा उपयोग होतो.

डॉ. एस. आर. रंगनाथन हे मुळात गणिताचे अध्यापक. १९२४ मध्ये ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि प्रशिक्षणासाठी लंडनला गेले. १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राची जी पाच सूत्रे मांडली, त्यांतले तिसरे असे की प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे. वाचकाला त्याचा ग्रंथ मिळावा, हे दुसरे सूत्र झाले. तिसऱ्यात त्यांनी ग्रंथाची बाजू घेतली आहे. कुलूपबंद दालनातल्या ग्रंथाला त्याचे नाव ठाऊक नसलेला वाचक कधीच भेटू शकत नाही, म्हणून हे सूत्र पाळण्याचे प्रमुख साधन त्यांनी मुक्तद्वार पद्धत, म्हणजे वाचकाला थेट कपाटांपर्यंत जाऊ देणे, हेच सांगितले. कपाटातली रांग कशी असावी, याचीही त्यांनी बारकाईने मांडणी केली होती. मधोमध नेमक्या विषयाची पुस्तके, त्यांच्या दोन्ही अंगांना त्या विषयाच्या भाऊबंदांची आणि त्यांच्याही पलीकडे परक्यांची. वाचक चार पावले इकडेतिकडे सरकला, तरी त्याची गाठ सोयऱ्यांशीच पडावी, असा त्यामागे हिशेब होता. पुस्तकांची विषयवार विभागणी करण्याच्या ज्या द्विबिंदू वर्गीकरणामुळे रंगनाथन जगभर ओळखले जातात, त्याची कल्पना त्यांना लंडनच्या सेल्फ्रिजेस या दुकानात मेकॅनो हे खेळणे पाहताना सुचली. त्याच त्या पट्ट्या, चाके आणि नटबोल्ट यांच्या निरनिराळ्या जोडणीतून निरनिराळ्या वस्तू तयार होतात, तर विषयांचेही असे सुटे भाग करून ते जोडता येतील, हे त्यांच्या ध्यानात आले. खेळण्यांच्या त्या दालनासमोरून किती माणसे गेली असतील! वर्गीकरणाचा प्रश्न डोक्यात घोळत असलेला माणूस त्यांत एकच होता. योगायोगाला अशी दुसरी बाजूही लागतेच. मनात काही अडलेले नसेल, तर उघड्या कपाटांमधून दिवसभर फिरूनही हाती धूळच लागते, हे मीही मान्य करतो.

सोलापूरपुरते बोलायचे, तर आपल्या गिरण्यांवर आणि विणकरांवर काम करणाऱ्या विद्यार्थ्याची अवस्था पाहावी. विषयांना आकडे देणाऱ्या ड्यूई दशांश पद्धतीनुसार कामगारांविषयीची पुस्तके ३३१ मध्ये, उद्योगांच्या अर्थकारणाची ३३८ मध्ये, कापडनिर्मितीच्या तंत्राची ६७७ मध्ये, हातविणीच्या कलेची ७४६ मध्ये आणि इतिहासाची ९५४ मध्ये जातात. विषय एक आणि कपाटे पाच. संगणकावर ‘सोलापूर’ आणि ‘विणकर’ हे दोन शब्द घालणाऱ्याला यांतले किती सापडेल? इंग्रजी अमदानीतल्या कागदपत्रांत आपल्या गावाचे नाव ‘शोलापूर’ असे पडते. जुन्या मराठी मजकुरात ‘विणकर’ न येता साळी, कोष्टी, पद्मसाली अशी जातींची नावे येतात. मोडी कागदांचे तर बोलायलाच नको. त्यांची छायाचित्रे संगणकात घातली, तरी त्यांतला शब्द शोधून मिळत नाही. आपण जो शब्द टंकतो, तोच शब्द दीडशे वर्षांपूर्वीच्या लेखकाने वापरला असेल, अशी भाबडी समजूत त्या शोधचौकटीच्या मुळाशी असते.

मला एक विद्यार्थिनी आठवते. ती सोलापुरातल्या १९३० च्या मार्शल लॉवर टिपणे काढायला आली होती आणि इतिहासाच्या कपाटापाशी उभी होती. तिने मागितलेले पुस्तक कोणीतरी घरी नेलेले असल्यामुळे ती जरा खट्टू झाली होती. शेजारीच मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा १८८४ सालचा विसावा खंड होता, शोलापूर जिल्ह्याचा. चामड्याची पाठ उकललेली, आतली पाने पिवळी पडून कडांना ठिसूळ झालेली. तिने तो केवळ जाडी पाहून ओढला असावा. उद्योगधंद्यांचे प्रकरण तिने चाळले ते ठीकच. पण लोकसंख्येच्या प्रकरणात शिरल्यावर ती तिथेच खाली बैठक मारून वाचू लागली. त्या प्रकरणात जिल्ह्यातल्या कारागीर जातींची एकेक करून माहिती आहे: घर कसे, जेवणखाण काय, पेहराव कोणता, धंद्याची स्थिती कशी. विणकरांच्या घरांविषयीचा मजकूर लोकसंख्येच्या प्रकरणात असेल, असे कोणाच्या मनात येणार? पुढे तिच्या प्रबंधाचा विषयच बदलला आणि मार्शल लॉ त्यातले एक प्रकरण होऊन राहिला. तिचे मार्गदर्शक माझ्यावर थोडे रागावले होते, हेही सांगून टाकतो.

आपल्या जिल्ह्याच्या शिलालेखांचीही गोष्ट अशीच आहे. भीमा आणि सीना यांच्या संगमावरील हत्तरसंग कुडलचा शके ९४० चा, म्हणजे इ. स. १०१८ चा लेख शिलालेखांचे अभ्यासक आनंद कुंभार यांनी उजेडात आणला. त्याच्या अखेरीस ‘वाछि तो विजेया होइवा’ हे मराठी वाक्य आहे. मराठी कोरीव लेखनाच्या अगदी जुन्या नमुन्यांत त्याची गणना होते. कुंभार यांनी श्रीनिवास रित्ती यांच्यासह जिल्ह्यातील लेखांचा जो संग्रह तयार केला, तो १९८८ साली धारवाडहून आणि इंग्रजीत प्रसिद्ध झाला. मराठीच्या इतिहासाचा विद्यार्थी तो धारवाडच्या इंग्रजी पुस्तकांत शोधायला कशाला जाईल? जिल्ह्याविषयीची सगळी पुस्तके एका ठिकाणी लावलेली असतील आणि तिथवर त्याला जाता येत असेल, तर मात्र तो संग्रह न दिसता राहणार नाही.

कपाटात सोयरे भेटतात, तसे परके कुठे भेटतात? याचे उत्तर ग्रंथालयातल्या सर्वांत दुर्लक्षित वस्तूत आहे. परत आलेली पुस्तके जागेवर लावण्यापूर्वी ज्या टेबलावर टाकतात, त्या टेबलाविषयी मी बोलतो आहे. तिथे वर्गांकाचे राज्य नसते. पाककृतींवर कायदा आणि कायद्यावर डाळिंबावरील कीडरोग, अशी चळत असते. संगणकशास्त्र शिकणारा एक मुलगा त्या टेबलाशी रेंगाळत असे. एकदा त्याने तिथून वस्त्रोद्योगाचे पुस्तक उचलले आणि चित्र दाखवून मला विचारले, ‘सर, हे तर आमच्या वडिलांच्या कारखान्यातले पुठ्ठे आहेत, याचा नि संगणकाचा काय संबंध?’ त्याचे वडील अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या चादरीच्या कारखान्यात कामाला होते. मागावर उंच टांगलेली, दोऱ्याने एकमेकांना शिवलेली भोकांच्या पुठ्ठ्यांची माळ त्याने लहानपणापासून पाहिली होती. जिथे भोक असेल तिथे ताण्याचा धागा उचलला जातो, नसेल तिथे खालीच राहतो आणि त्यातून चादरीवर मोर उमटतो. फ्रान्समधील लियाँच्या जोसेफ मारी जॅकार्ड याने १८०४ च्या सुमारास ही युक्ती सिद्ध केली. पुढे चार्ल्स बॅबेज याने आपल्या नियोजित गणनयंत्राला आज्ञा देण्यासाठी तशीच भोकांची कार्डे वापरायचे ठरवले. रेशमात विणलेले जॅकार्डचे एक व्यक्तिचित्र बॅबेजकडे होते आणि ते विणायला सुमारे २४,००० कार्डे लागली होती. संगणकाचा वर्गांक ००४ आणि कापडाचा ६७७. दोघांमध्ये भिंतभर कपाटे. परतीच्या टेबलाखेरीज त्यांची गाठ पडायला दुसरी जागा नव्हती. दालन बंद झाल्यावर पहिल्यांदा हे टेबल वाचकाच्या नजरेआड जाते, कारण ते ‘अस्ताव्यस्त’ दिसते.

हे सारे हौशी वाचकांचे चोचले आहेत, असे कोणी म्हणेल. पेनिसिलिनची गोष्ट शाळेतल्या मुलांनाही पाठ असते: १९२८ साली अलेक्झांडर फ्लेमिंग यांच्या बशीत बुरशी पडली आणि तिच्याभोवतीचे जंतू मेले. त्या गोष्टीचा उत्तरार्ध मात्र सांगितला जात नाही आणि तो ग्रंथालयात घडलेला आहे. फ्लेमिंग यांनी १९२९ मध्ये निबंध छापला, परंतु बुरशीतले ते द्रव्य शुद्ध स्वरूपात वेगळे काढणे त्यांना जमले नाही आणि निबंध नियतकालिकाच्या जुन्या अंकांत पडून राहिला. ऑक्सफर्डमध्ये हॉवर्ड फ्लोरी यांच्याबरोबर काम करणारे अर्न्स्ट चेन हे १९३८ च्या सुमारास सूक्ष्मजीवांपासून निघणाऱ्या जंतुनाशक द्रव्यांविषयीचे जुने लेखन गोळा करत होते, तेव्हा हा निबंध त्यांच्यासमोर आला. त्यातून पुढचे काम उभे राहिले आणि १९४५ चे नोबेल पारितोषिक तिघांना मिळून देण्यात आले. उघड्या बशीत बुरशी पडणे कोणाच्या हातात नव्हते. पण नऊ वर्षांपूर्वीचा, फारशी दखल न घेतला गेलेला अंक बांधणी करून जागेवर ठेवणे हे कोणा ग्रंथपालाच्या हातात होते आणि त्याने ते केले होते. आपल्याकडे जागा हवी म्हणून नियतकालिकांचे जुने खंड निर्लेखित करून, म्हणजे नोंदवहीतून काढून टाकून, रद्दीत घालण्याची जी घाई चालते, ती पाहिली की मला ते उदाहरण आठवते.

शिकागो विद्यापीठातील डॉन स्वान्सन यांचे काम या बाबतीत आणखी बोलके आहे. थंडीने बोटांचा रक्तपुरवठा आकसतो अशा रेनॉड या विकारात रक्ताचा दाटपणा वाढलेला असतो, असे वैद्यकाच्या एका शाखेतले निबंध सांगत होते. माशाच्या तेलाने रक्ताचा दाटपणा कमी होतो, असे आहाराविषयीचे निबंध सांगत होते. दोन्ही बाजूंचे लेखक एकमेकांचे वाचत नव्हते आणि एकमेकांचा संदर्भही देत नव्हते. स्वान्सन हे वैद्य नव्हते, तर माहितीशास्त्राचे अभ्यासक होते. त्यांनी १९८६ मध्ये हे दोन्ही धागे जोडून दाखवले आणि माशाच्या तेलाचा या विकारावर उपयोग होऊ शकेल, असे सुचवले. दोन वर्षांनी त्यांनी अर्धशिशी आणि मॅग्नेशियम यांच्याविषयी असाच संबंध मांडला. सगळी माहिती छापलेली होती, कोणालाही वाचता येत होती आणि तरीही ती कोणालाच माहीत नव्हती. पुढे त्यांनी असे सुटलेले सांधे शोधण्यासाठी संगणकाचीच मदत घेतली, हे मी मुद्दाम सांगतो, कारण माझे भांडण यंत्राशी आहे असा कोणाचा समज होऊ नये. ग्रंथालयांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या कोहा या मुक्त प्रणालीत पुस्तकाच्या नोंदीसोबत त्याच्या कपाटातले शेजारी दाखवण्याची सोय आहे. ती चालू करायला पैसा लागत नाही, थोडी तसदी तेवढी घ्यावी लागते.

न मागता पुढ्यात येणाऱ्या माहितीला आजकाल तोटा नाही, मोबाईल हेच तर दिवसभर करतो, असाही युक्तिवाद मी ऐकला आहे. मोबाईल जे पुढे करतो, ते आपण काल काय पाहिले यावरून ठरते आणि आपण तिथून हलू नये हा त्यामागचा धंद्याचा हिशेब असतो. कापसाच्या भावाची चित्रफीत पाहिली की पुढचे आठ दिवस कापूसच. कपाटाच्या मांडणीला मात्र समोर उभा असलेला माणूस कोण, याच्याशी काही कर्तव्य नसते. नगरसेवक असो की विडी कामगाराची मुलगी, दोघांनाही तेच शेजार मिळते. वृत्तपत्राच्या पानाचेही तसेच आहे. बाजार समितीतल्या कांद्याची आवक पाहायला पान उघडावे आणि नान्नजच्या माळढोक अभयारण्यावरचा लेख वाचून व्हावा, हे छापील पानावर सहज घडते. आपल्या दैनिकाच्या ॲपवर आता आवडीचे विषय निवडून तेवढ्याच बातम्या मिळवण्याची सोय झाली, तर निदान दोन बातम्या निवडीबाहेरच्या ठेवाव्यात, अशी या निमित्ताने विनंती करतो.

कुलूप लावणाऱ्यांची खरी अडचण निराळी आहे आणि तिच्याविषयी उघडपणे बोलले जात नाही. पुस्तके चोरीला जातात, पाने फाडली जातात आणि साठा पडताळणीत तूट निघाली की ग्रंथपालाला जाब द्यावा लागतो. काही ठिकाणी ती रक्कम त्याच्याकडून वसूलही केली जाते. मग त्याने कपाटे उघडी ठेवावीत कशाच्या भरवशावर? केंद्र सरकारच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांत याचा विचार झालेला आहे. वर्षभरात देवघेव केलेल्या वा वाचनासाठी काढलेल्या दर १,००० ग्रंथांमागे ५ ग्रंथ गहाळ होणे हे वाजवी मानावे, मात्र त्यामागे अप्रामाणिकपणा किंवा हलगर्जीपणा नसावा, असे नियम २१५ सांगतो. मौल्यवान ग्रंथ गहाळ झाला, तर चौकशी होतेच. हा नियम केंद्राच्या ग्रंथालयांसाठी आहे. पण महाविद्यालयांच्या नियामक मंडळांनी आणि वाचनालयांच्या विश्वस्तांनी तो ठराव करून स्वीकारला, तर ग्रंथपालाच्या मानेवरची तलवार दूर होईल. मुक्तद्वार पद्धतीत पुस्तके जागा सोडतात, हेही खरे. चुकीच्या जागी गेलेले पुस्तक हरवल्यातच जमा असते आणि रोज सकाळी रांगा तपासायला माणूस लागतो. सेवकांची पदे वर्षानुवर्षे रिकामी ठेवायची आणि पुस्तके विस्कळीत होतात म्हणून दालन बंद करायचे, हा न्याय काही पटत नाही.

शहरात अभ्यासिका वाढल्या, त्या भरलेल्या असतात, याचा आनंद आहे. स्पर्धा परीक्षेची मुले सकाळी डबा घेऊन येतात आणि रात्री परत जातात. परंतु अनेक ठिकाणी ती आपापली पुस्तके घेऊन येतात आणि भिंतीपलीकडच्या खोलीत ग्रंथालयाची पुस्तके कुलपात असतात. त्या मुलांना अभ्यासक्रमाबाहेरचे वाचायला वेळ नाही, हे मला समजते. तरीही चहाला उठलेल्या मुलाच्या वाटेत एक उघडे कपाट असायला कोणाची हरकत असावी?

येत्या १२ ऑगस्टला, रंगनाथन यांच्या जयंतीनिमित्त, ग्रंथपाल दिन साजरा होईल. प्रतिमापूजन आणि भाषणे होतीलच. ज्या ग्रंथालयांनी दालने बंद केली आहेत, त्यांनी त्या दिवसापासून एक महिनाभर ती वाचकांसाठी खुली ठेवावीत, परतीचे टेबल देवघेव खिडकीच्या अलीकडे आणावे आणि महिना संपल्यावर दोन आकडे आपल्या दैनिकाकडे कळवावेत: किती पुस्तके गहाळ झाली आणि कित्येक वर्षांत कोणीही न नेलेली किती पुस्तके घरी गेली. दुसरा आकडा काढणे संगणकामुळे आता अगदी सोपे झाले आहे.

आपला,
एक निवृत्त ग्रंथपाल
सोलापूर